वाऱ्यासाठी ठेवलेली फट

१२ एप्रिल, शनिवार

पल्लवीचा फोटो आला. नागपूरहून रोज एक येतो. आजचा स्टेजच्या मागच्या पडद्याचा, कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या लग्नातला. वरपासून खालपर्यंत चुण्याच चुण्या, आणि रंग म्हणावा तर एकही धड नाही. मी विचारलं, धुऊन धुऊन फिका पडलाय का? तिने फोनच केला. "आई, फिका नाही, पेस्टल! आता सगळ्यांकडे हेच असते."

असेल बाप्पा.

लग्न नऊ मेला, घरासमोरच्या पटांगणात. स्टेजवरच लागणार, विधीही तिथेच. म्हणजे मागचा पडदा प्रत्येक फोटोत येणार आणि जन्मभर राहणार. गोंदियाचा मंडपवाला पाहून गेला. त्याच्याकडे लाल आहे, पिवळा आहे, आणि एक चंदेरी चमचम आहे जी दर सीझनला मीच सांधून देते. पेस्टल म्हटल्यावर त्याने नव्या कापडाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी दुसऱ्या चहाचं आधण उतरवलं. मग म्हणतो कसा, "दीदी, आप तो खुद कारीगर हो." हे लोक कारीगर म्हणाले की समजावं, काम आपल्याच गळ्यात आलं.

तर पडदा मी करणार. कधी, ते माहीत नाही. ब्लाउजांचा ढीग पडलाय, सगळे लोकांच्या लेकींचे.

१४ एप्रिल, सोमवार

पटांगण मापलं. स्टेजची रुंदी, उंची, मागे किती जागा राहते. मागच्या बाजूला फळी थोडी बाहेर आलेली असते, तिच्यावर उभं राहून पिना मारता येतील.

माप घेत होते तेवढ्यात भासरे, यांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई आले. हे गेल्यापासून आमच्या बांध्या भासरेच कसतात. रोवणीपासून धान विकेपर्यंत सगळं त्यांच्याकडे. प.च्या कॉलेजात पालक म्हणून सही त्यांचीच. ती नागपूरला लॅबमध्ये लागली तेव्हा पेढे त्यांनी वाटले. मला आठवलंसुद्धा नव्हतं.

भासरे खुर्चीवर बसले, मी डोक्यावर पदर घेतला. म्हणाले, "कन्यादान आमी दोघं करून टाकू. तू बिनघोर राय." जाऊबाई म्हणाल्या, "तू माघं राहून सगरं पाहून घेजो. तुयाशिवाय कोनाले जमते?"

दोघंही प्रेमाने बोलले. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. आता काय करणार? हो म्हटलं. नवरा नसलेली बाई कन्यादानाच्या पाटावर बसत नाही हे मला कुणी शिकवावं लागत नाही. मीही इथलीच.

रात्री जेवले नाही. भूक नव्हती.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या गाडीने गोंदिया. उन्हाने डोकं फुटायची वेळ. कापड बाजारात पाच दुकानं फिरले. एकाकडे शुभ्र पांढरं, दुसऱ्याकडे चॉकलेटच्या कागदासारखं गुलाबी. तिसऱ्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, विचारलं "अपने लिए?" आणि उत्तराची वाट न बघता हात खालच्या कप्प्याकडे. राखाडी, बदामी. तो कप्पा मला पाठ आहे. म्हटलं, शादी के परदे के लिए. तो बिचारा गोंधळला.

पिनांचं पाकीट आणि दोऱ्याची रिळं घेऊन परत आले. गाडीत जागा नव्हती. दारात बसून आले.

घरी येऊन मोठी पेटी उघडली. वाटलं, जुने पडदे वगैरे सापडतील. वरचं गाठोडं सोडलं आणि हसूच आलं. मग राग आला, इतका की पेटीचं झाकण आपटलं. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

प.च्या फोटोतले सगळे रंग पेटीत होते. मोतिया, फिका निळा, राखेसारखा, साईचा, उतरलेला जांभळा, बदामी तर विचारूच नका. पाच वर्षांच्या आहेराच्या साड्या. तेरवीला माहेरून आली तिथून सुरुवात. मग प्रत्येक लग्न, बारसं, वास्तू. सवाष्णींना हिरवी, लाल, जांभळी. माझ्या हातात पिशवी पडते ती न बघताही कळते. कुणी ठरवून करत नाही. दुकानात उभं राहिलं की सगळ्यांचाच हात त्या कप्प्याकडे जातो.

दोन-तीन नेसले असेन. बाकीच्यांच्या पिना तशाच.

१९ एप्रिल, शनिवार

साड्या बाजेवर पसरल्या आणि प.ला व्हिडिओ कॉल. आधी तिने फोन डोळ्यांशी नेला, इकडे चित्र अंधारलं. नेटवर्क गेलं वाटलं. मग म्हणाली, "आई, ह्या तर तुझ्या."

म्हटलं, कापड आहे. चालतंय का ते सांग.

"चालते काय, एकदम तेच हाय." पण आवाज बारीक झाला होता. नंतर मेसेज आला, तू खरंच देणार आहेस? उत्तर पाठवलं नाही. देणार म्हणजे काय, लग्नानंतर परत पेटीतच येणार आहेत.

मोजल्या नाहीत. पुरतील. उरतीलही.

२१ एप्रिल, सोमवार

कात्री लावायची नाही हे आधीच ठरवलं. साडी पाइपावरून दुहेरी सोडली की पुढेमागे सारखी उतरते, बरोबर स्टेजच्या उंचीएवढी. वर चुण्या घेऊन लांब लांब धावदोरा. लग्न झालं की दोरा ओढला की साडी जशीच्या तशी. एका साडीच्या काठावर दुसरीचा काठ.

आज दोनच झाल्या. मान धरली आहे. मधे कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उलटी लावली, उसवून परत लावली. असं माझ्याकडून होत नाही कधी.

२३ एप्रिल, बुधवार

मंडपवाला पाइप दाखवायला आला. पडद्याचे दोन तुकडे जोडलेले पाहिले आणि मान हलवली. "दीदी, मई की हवा है. पूरा कपड़ा एक साथ सी दोगे तो पाइप समेत उड़ेगा. बीच बीच में हवा को रास्ता दो."

बरोबर आहे त्याचं. मागच्या वर्षी कुणाचा तरी अख्खा पडदा नवरदेवावर आला होता. म्हणजे दोन साड्यांचे काठ वर टाचायचे, खाली टाचायचे, मधला थोडा भाग मोकळा. वारा त्यातून जाईल. चुण्या दाट असल्या की समोरून फट दिसत नाही. खालच्या काठात रेतीच्या पुरचुंड्या.

फटी डोक्याच्या वर ठेवायच्या, म्हणजे फोटोत यायची भानगड नाही.

संध्याकाळभर तेच डोक्यात. एक फट खाली ठेवली तर.

२४ एप्रिल, गुरुवार

ठेवली. कन्यादानाचे पाट जिथे मांडतील त्याच्या जरा डावीकडे, साईच्या आणि निळ्या साडीच्या मधे. मागच्या फळीवर उभी राहिले तर नेमकी माझ्या डोळ्यांच्या उंचीला येते. पाइप दाराच्या चौकटीत अडकवून पाहिलं. या बाजूला स्टुलावर मी, पलीकडे पाटावर पल्लवी आहे असं धरून. स्वच्छ दिसतं. समोरून मी दिसत नाही.

कुणाला सांगायचं नाही. विचारलंच तर वाऱ्यासाठी.

बरं वाटलं. मला तिच्या हातावर पाणी सोडलेलं बघायचं आहे. एवढंच हवं आहे, आणि त्यासाठी कुणाशी बोलावं लागणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार

जाऊबाई आल्या होत्या. ओसरीत पडदा पसरलेला. दारातच थांबल्या.

"हे काय व लावून रायली? लग्नाघरचं वाटतच नाई. जरा लाल-पिवरं टाक ना."

प.ला हेच हवं आहे म्हटलं. मग त्या वाकल्या, राखाडी साडीचा काठ हातात घेतला. मला कळलं आता काय येणार.

"हे मीच देल्ली होती ना तुले?"

हो.

"मंग नेसली काऊन नाई?"

चहा ठेवते म्हटलं आणि आत गेले. चुलीपाशी उभं राहून उत्तरं सुचली, एकापेक्षा एक. माझ्या अंगावर हा रंग चालतो, मंडपात का चालत नाही? तुम्हाला स्वतःला घेतली असती का? असं बरंच. बाहेर आले तोवर त्या राखाडीच्या चुण्या सरळ करत बसल्या होत्या. चहा पिऊन गेल्या. बशीत निम्मा तसाच.

त्यांचा राग येतो आणि येतही नाही. हे दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर या घरचा स्वयंपाक त्यांनीच केला.

२८ एप्रिल, सोमवार

प.चा फोन. कुणीतरी तिला कन्यादानाचं सांगितलं. भडकली होती.

"तू बसशील पाटावर. नाही तर कोणीच नाही बसणार."

मी म्हटलं, असं नसतं.

"काऊन नसते? तू काऊन सगळ्यांचं ऐकून राहिली? मोठे बाबा चांगले आहेत, मान्य आहे. त्यांना बसू दे. पण तूही बस."

मी भासऱ्यांचं सगळं मोजून सांगितलं. शेती, दवाखाना, तिची फी. ती म्हणाली, "ते उपकार तू फेडून राहिली का मी? माझं लग्न आहे." मग रडली. मग मी रडले. मग लाइट गेली आणि फोनची बॅटरीही संपली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. लोकांचं नंतर, आधी मलाच भीती वाटते. पाटावर बसले आणि उद्या तिच्या संसारात काही झालं, तर कुणी बोट दाखवायच्या आधी मीच दाखवीन. हे प.ला सांगता येत नाही. ती म्हणेल आई, तू बारावी शिकलेली. बारावीच्या कुठल्याच पुस्तकात ही भीती जायचं औषध नव्हतं.

हे गेल्यानंतर पहिल्यांदा शेजारी हळदीला गेले होते. कुणी काही म्हणायच्या आत मीच उठून मागे जाऊन बसले. तेव्हापासून उठायची सवयच लागली.

१ मे, गुरुवार

तेंदूपत्ता तोडणी सुरू. पहाटेपासून गाव रिकामं. मंडपवाल्याची माणसं पण जंगलात, तो म्हणतो पाइप सात तारखेला उभे करू, आधी कुणी मिळत नाही. दुपारी मालगाडीचा आवाज तेवढा.

लाइट नाही, इस्त्री बंद. साड्यांवर पाणी शिंपडून, घड्या घालून गादीखाली ठेवते आणि वर झोपते. माझ्या वजनाची इस्त्री. सकाळी चुणी अशी बसते की कोणत्याही परीटाने मान डोलवावी. मी मात्र उठते ती चुरगळून.

उरल्या पाच. बोटांना भोकं पडली.

४ मे, रविवार

प. आली. वाळली आहे. तिने मला पाहिलं आणि तेच म्हणाली.

पडदा पुरा झाला. अंगणात दोन बल्ल्यांना पाइप बांधून पहिल्यांदा अख्खा टांगला. मीच बघत राहिले. वेगवेगळ्या साड्या आहेत हे ओळखूच येत नाही, एका रंगातून दुसरा निघतो. वारा आला की वरच्या फटींतून जातो आणि सगळं कापड हळू हलतं. हे मी केलं आहे. चांगलं झालं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

प. पुढून बघून आली, फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. मग हात फिरवत फिरवत त्या जागी थांबली.

"ही फट कशाला?"

वाऱ्याला.

"बाकीच्या सगळ्या वर आहेत. ही एकच खाली काऊन?"

म्हटलं, चुकून.

"तू? चुकून?"

ती पडद्यामागे गेली. मागे स्टूल होतं, मीच सकाळी ठेवलेलं, उचलायचं राहून गेलं. त्यावर चढल्याचा आवाज आला. मी समोर अंगणात उभी. कापडामागून ती मला बघत असणार, मला ती दिसत नव्हती.

बाहेर आली, स्टूल आत नेऊन ठेवलं, म्हणाली भूक लागली. पाटवड्यांची भाजी केली होती. दोनदा घेतली. फटीबद्दल एक शब्द नाही. तिचा हा स्वभाव तिच्या बापाचा, गप्प बसते तेव्हा समजावं काहीतरी ठरलं.

६ मे, मंगळवार

दुपारी वावधन सुटलं, वादळच. धुळीने दिवसा अंधार. पटांगणातला जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव एका अंगाने बसला. पडदा आत होता म्हणून वाचला.

जाऊबाई न बोलावता आल्या. रेतीच्या पुरचुंड्या शिवायला बसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तासभर नुसती सुई. मग,

"मायी कुठी लावली?"

कडेला, उजवीकडे, म्हटलं. मला वाटलं कुणी ओळखू नये असं त्यांना वाटत असेल.

"कडेले कायले? मधात लाव. किनार साजरी हाय तिची."

आता काय म्हणावं या बाईला! हसले मी. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. राखाडी मधे घ्यायची म्हणजे चार साड्या उसवून परत टाचायच्या. टाचल्या.

जाताना म्हणाल्या, "सगऱ्या चांगल्या साड्या टांगल्या तुनं. मंग तू काय नेसशीन?"

मागे कोण बघतं, म्हटलं.

त्या दारात थांबल्या. काहीतरी बोलतील वाटलं. चप्पल शोधत होत्या.

७ मे, बुधवार

पाइप उभे झाले. मं.वाला स्वतः आला. पडदा चढवताना त्याला कुठेही हात लावू दिला नाही. खाली उतरून म्हणाला, "दीदी, अगले सीज़न में मेरे साथ काम करो." म्हटलं पहले ये सीज़न तो निकलने दो.

मागच्या फळीवर उभी राहून पाहिलं. दिसतं. पाट मांडायची जागा मं.वाल्याने खडूने आखून ठेवली आहे, ती पूर्ण दिसते.

पाय सुजले. प. म्हणते झोप. झोपायला गेलं की कामं आठवतात.

८ मे, गुरुवार

हळद झाली. मी पुऱ्या लाटत होते. बरं झालं, काम होतं.

बाहेर गाणी, हसणं. एकदा प.चा आवाज आला, "आई कुठी आहे?" कुणीतरी सांगितलं, आत कामात आहे. खरंच होते.

माहेरची वहिनी संध्याकाळी स्टेजसमोर उभी राहून मोतिया साडीकडे बघत होती. ओळखली असणार, तेरवीची तिनेच आणलेली. मी तिकडे गेले नाही. नंतर येऊन माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाली, सरक, मी करते. लाटणं दिलं मी. पण मग हात रिकामे, आणि कुठे जायचं कळेना. भांडी घासायला बसले.

९ मे, शुक्रवार, सकाळ

लवकर उठून पडदा बघायला गेले. रात्री वारा होता, पिना निघाल्या असतील म्हणून. मागच्या फळीवर चढले. सगळं जागेवर. मग त्या फटीपाशी आले, आणि फट नाही.

शिवलेली. वरपासून खालपर्यंत. नारिंगी दोरा, तोही दुहेरी. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच, आणि शेवटी गाठींवर गाठी, सुटू नये म्हणून. पल्लवीला सुई धरता येत नाही. लहानपणी बटण लावायला सांगितलं तर बोटाला टोचून घेऊन माझ्याकडे यायची. सगळ्या वरच्या फटी मोकळ्या, वाऱ्याला काही अडथळा नाही. एवढी एकच बंद.

समोरून जाऊन पाहिलं. साईच्या आणि निळ्या साडीमधे नारिंगी रेघ दिसते, फोटोत येणार. मला तर जीव जाईल इतकी खुपते. कात्री कमरेलाच होती, उसवायला दोन मिनिटं पुरे. कात्री काढली, परत खोवली. परत काढली.

भासरे आले. खुर्च्यांवरून कुणावर तरी ओरडून आलेले, घाम निथळत होता. माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत बोलले. "पल्लवी काल मले बोलली. म्हने, आई नाई बसन त मीही नाई बसत." थांबले. "आता तू सांग. बामन इचारून रायला पाट किती. मायी ना नाई. पन लोक बोलतीन, हे तुले मालूम हाय. आनं मांडलेला पाट तू रिकामा ठेवला, तर मंग पोरीची काय इज्जत राहीन?"

इतकं सलग ते माझ्याशी पाच वर्षांत बोलले नव्हते. त्यांना राग आला की वाईट वाटलं, कळलं नाही. म्हटलं, आंघोळ करून सांगते.

आंघोळ झाली. लिहायला बसले आहे, म्हणजे उत्तर टाळते आहे, हे मला कळतं. भीती गेलेली नाही. जशी होती तशीच आहे. पण मागे जाऊन उभं राहायची जागा पोरीने ठेवली नाही. ती आता पलीकडच्या खोलीत हातभर बांगड्या भरून बसली आहे, तिला मी उठल्याचं माहीत आहे, आणि ती हाक मारत नाही.

खिडकीतून पटांगण दिसतं. दोन पाट मांडून झाले आहेत. भासरे तिसरा काखेत धरून उन्हात उभे आहेत. कुणीतरी खुर्ची दिली, बसले नाहीत.